अनामिका

दमट हवेत पावडर धरत नाही.
हे पुण्याच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.
तिथे काच कोरडी होती, टेबल कोरडं,
चोरसुद्धा कोरड्या हातांचे.
इथे रत्नागिरीत कपाटाच्या दारावर ब्रश फिरवला
की काळा चिखल होतो.
खाऱ्या वाऱ्याने सगळ्यावर
आधीच हात फिरवलेला असतो.

एकवीस वर्षं झाली.
काजूच्या कारखान्यात गल्ला फुटला तेव्हा
अकरा बायका रांगेत उभ्या होत्या,
टरफलाच्या तेलाने बोटं गुळगुळीत झालेल्या.
प्रत्येकीचं बोट कागदावर टेकवलं
तर नुसता काळा डाग.
एक जण म्हणाली, रेशनचं मशीनपण ओळखत नाय आमका, बाई.
मी अहवालात लिहिलं : तुलनायोग्य नाहीत.
ते वाक्य अजून कुठे कुठे आठवतं,
भाजी घेताना, बसमध्ये
दांडी धरलेला हात दिसला की.

नारळी पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी
भाट्याच्या वाळूवर एक पुरुष आला.
चेहरा माशांनी नेलेला.
निळं बनियन, कमरेला करगोटा.
पंचनाम्यात : अनोळखी, वय अंदाजे चाळीस.
समुद्र माणसाचा हात सावकाश सोडवतो,
आधी बाहेरची कातडी,
मोज्यासारखी, अख्खी.

अंगठा गेला होता. तर्जनी फाटलेली.
मधलं बोट शाई धरेना.
उरली अनामिका.
नाव नसलेलं बोट म्हणून अनामिका,
असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं
आणि आम्ही हसलो होतो.

त्याच्या बोटाची साल मी माझ्या बोटावर चढवली
रबरी हातमोज्यावरून.
सैल झाली. शवागारातला शिंगरे म्हणाला,
आत कापूस घाला, मॅडम.
घातला.
मग शाई. मग कागद.
नखाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत,
न दाबता, न थांबता.
त्या दीड सेकंदात
माझ्या हाडावरून त्याने सही केली.

शंख होता, डावीकडे उघडणारा.
मधोमध एक जुना व्रण.
ओहोटीचं पाणी खडकाला वळसा घालतं
तशा रेषा त्याच्या कडेने वळलेल्या.
संगणकाने चौदा नावं दिली.
पुढचं काम भिंगाचं.
दोन रात्री गेल्या.
नवव्या नावाशी तेरा जागी
रेषा तिथेच फुटत होत्या, तिथेच संपत होत्या.

पुंडलिक भिकाजी तारी, राहणार तांबळडेग.
ट्रॉलरवरून दोन कॅन डिझेल,
देवगड ठाणे, दंड तीनशे.
पंधरा वर्षांपूर्वीचा कागद,
हवालदाराने घाईत घेतलेले ठसे,
करंगळी फिसकटलेली.

बायको आली, सोबत दीर.
तिने बनियन बघितलं, करगोटा बघितला,
काही बोलली नाही.
मग कागद मागितले.
मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.
वाचता येत नसावं तिला,
पण बोट थेट व्रणावर गेलं.
"ह्यो गळ लागललो. लग्नाच्या वर्साक."

दीराने विचारलं, सापडला कसा?
मी सांगितलं. डिझेलचं सांगणं भाग होतं,
ते नसतं तर तो कुणाच्याच यादीत नव्हता,
आठवड्याने पालिकेने पुरला असता.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
पंखा फिरत होता, कागदाचं टोक उचलत होता.
"तेव्हा म्हयनोभर बोलूक नाय होतंय
मी त्येच्यावांगडा," म्हणाली.

पोचपावतीवर तिने अंगठा दिला.
सवयीने मी वाचला. चक्र.
एकही रेषा तुटलेली नव्हती.
शाई पुसायला तिला कापूस दिला,
त्याच गुंडाळीतला.